कळफलक

जेल रोडवर, पिचकाऱ्यांनी लाल झालेला जिना चढून
तिसऱ्या मजल्यावर.
मुर्तझा भियांनी फोन पालथा केला, पाठ उघडली,
पुन्हा मिटली आणि म्हणाले,
"ताई, चलेगा तो सही. दौड़ेगा नहीं."

कंपनीचं आत काही उरलं नव्हतं.
लिनक्स. सगळं उघडं, वाचता येण्याजोगं,
आमच्या ऑफिसातल्या फायलींपेक्षा तर नक्कीच.
मी वीज मंडळात बिलं तपासते, बावीस वर्षं झाली.
कुणाचा मीटर कसा पळतो ते मला कळतं;
हातातला फोन कुणासाठी पळतो
ते मात्र कधी कुणी दाखवलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात
घंटी वाजायची, आवाज यायचा नाही.
रामबागेतून आई "हॅलो, हॅलो, वैजू" करत राहायची
आणि मी इकडे ओरडत, काचेपलीकडून ओरडावं तशी.
दुपारी दोनला बॅटरी मान टाकायची,
सरकारी सुट्टीसारखी, अगदी वेळेवर.
जाऊबाईंच्या डोहाळजेवणाच्या फोटोंत
सगळ्या बायका शेवाळलेल्या,
हिरवा शालू तेवढा बरोबर आला.

पोह्यांच्या गाडीवर सगळे कोड दाखवून मोकळे,
मी पर्समध्ये सुट्टे चाचपत उभी.
"रहने दो, कल दे देना," पोहेवाला म्हणाला,
वर जिरावन जरा जास्तच भुरभुरलं.
बँकेचं ॲप मात्र उंबऱ्यातूनच बोललं:
हे यंत्र विश्वासार्ह नाही.

म्हणून जुना फोन कपाटात आहेच,
साड्यांखाली, ओटीपीपुरता.
नवरा हसतो:
एकाला सोडायचं म्हणून दोघांना सांभाळतेस.
हसू दे. खरंच आहे ते.

मग एका रात्री आईला निरोप लिहिताना
बोट अडलं.
उद्या सका
पुढे अक्षरच नाही.
अख्ख्या कळफलकावर ळ नव्हता.
कुणीतरी हिंदीपुरता मांडून ठेवलेला,
त्याची काय चूक.
आमच्या घरातूनही तो असाच चाललाय, न सांगता:
मुलगा "शाला" म्हणतो,
"आई, केली आणली का" विचारतो,
आणि मी, काय केली, असं विचारायचंही सोडलंय.
दिवसभर काउंटरवर हिंदी बोलून
माझीही जीभ टाळूपर्यंत जायचा कंटाळा करते.

जुन्या फोनात असतं तर काय केलं असतं?
तक्रार. कुणाकडे, देव जाणे.
इथे फाईल उघडली. साधी यादी,
वाणसामानाची असते तशी: य, र, ल, व.
ल पुढे स्वल्पविराम, अवतरणात ळ.
दोनदा चुकले. एकदा सगळा कळफलकच नाहीसा झाला,
घामच फुटला.
तिसऱ्यांदा, रात्री सव्वाबाराला,
तो येऊन बसला होता,
काड्या नसलेल्या चष्म्यासारखा,
माझ्याकडे बघत.

बदल पाठवून दिला, ज्यांच्याकडे पाठवायचा असतो त्यांना.
चौथ्या दिवशी कुणा तेऊवोचं उत्तर,
बर्फाच्या कुठल्याशा गावाहून:
घेतो, पण हा उच्चारायचा कसा?
बोलून दाखवलं असतं, पण आमचा माइक तो असला.
लिहून कळवलं:
जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा,
आणि सोडताना घाई करू नका.

परवा चार्जरची पिन ढिली झाली म्हणून
पुन्हा तिसरा मजला.
"क्यों ताई, दौड़ा?"
नाही म्हटलं. आणि ळ दाखवला.
भियांनी म्हणून पाहिला: ल.
मग ड. मग र.
मग हसून बोटानेच दाबला,
ळ ळ ळ ळ,
दुकानातल्या पोरालाही हाक मारली, ए, ये देख,
तो गिऱ्हाईक सोडून येईपर्यंत
पडदा काळा.

दोन वाजले होते.